बाहेरगावची कॉलेजची मुलं उपासनेला येतात आणि दसऱ्यापर्यंत गळतात. मंडळीनं (म्हणजे चर्चनं) नेमकं काय करावं? (नागपूर)

सदर_सचिव

जय ख्रिस्त. मंडळी सदर भागातली, कस्तुरचंद पार्क मेट्रो स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. साधारण १४० कुटुंबं, रविवारी सकाळी ९ ला मराठी उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजन. ॲडमिशन आटोपल्या की मागच्या बाकांवर नवे चेहरे दिसू लागतात. मेयो हॉस्पिटलकडच्या नर्सिंगच्या मुली, हिंगण्याकडची इंजिनिअरिंगची पोरं, गडचिरोली आणि मेळघाटातून बीए-बीएस्सीला आलेली, दोन-चार मिझोराम-नागालँडची. दसऱ्यापर्यंत निम्मी गळतात, नाताळाला एकदा उगवतात, मग थेट पुढच्या वर्षी नवीन चेहरे.

युवक संघ आहे, पण त्यातले सगळे एकमेकांचे आतेमामेभाऊ. नव्या पोराला हात मिळवतात आणि पुन्हा आपल्या कोंडाळ्यात.

पास्टरेट कमिटीनं (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) "विद्यार्थी सेवा सुरू करावी" असा एका ओळीचा ठराव केलाय. पुढचा कागद कोरा. तीन सूचना आल्यात. एक, बँड आणि बाहेरचा वक्ता बोलावून युथ फेस्ट, अंदाजे ७०,००० रुपये. दोन, दर शनिवारी संध्याकाळी बायबल अभ्यास. तीन, पाळकसाहेबांनी वसतिगृहांना भेटी द्याव्यात. माणसं कामाला तयार आहेत, पाच-सहा घरं तर नक्की. ज्यांनी हे काम पाहिलंय त्यांनी सांगा, कुठून हात घालायचा आणि कुठं हात पोळतो?

मोरभवन_स्टॉप

सत्तर हजार बाजूला ठेवा जी. फेस्टला येतात ती दुसऱ्या मंडळ्यांच्या युवक संघांची पोरं. वसतिगृहातली मुलगी रात्री नऊला संपणाऱ्या कार्यक्रमाला येऊच शकत नाही, तिचं फाटक साडेआठला बंद होतं.

आधी बारा महिन्यांचा एक मोठा कागद भिंतीला लावा आणि त्यावर मंडळीचं काहीही लिहू नका. फक्त मुलांचं लिहा. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा, इंजिनिअरिंगच्या सेशनल, सबमिशन, प्रॅक्टिकल, व्हायवा, नर्सिंगच्या ड्यूटीची पाळी, दिवाळीची सुट्टी. व्हीएनआयटी (केंद्राची इंजिनिअरिंग संस्था) आणि स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक विद्यापीठापेक्षा वेगळं चालतं, ते वेगळ्या रंगानं लिहा. मग उरलेले रविवार मोजा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठ, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत आठ. असे सोळा मिळतात. बाकी वेळ पोरं एकतर पुस्तकात असतात नाहीतर गावी. दसऱ्याला गळती दिसते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आपण मात्र "पोरं थंड पडली" म्हणून प्रवचन करतो.

म्हणून जे करायचं ते आठ-आठ आठवड्यांच्या दोन तुकड्यांत करा. "दर शनिवारी, कायमचं" असं जाहीर केलं की परीक्षेच्या महिन्यात चौघं येतात, चालवणाऱ्याचा जीव उडतो आणि काम बंद पडतं. आठ आठवडे सांगून आठ आठवड्यांनी थांबवलं तर पुढच्या तुकडीला लोक परत येतात.

दिवस रविवारच घ्या, वेळ संध्याकाळी साडेपाच ते पावणेआठ. कारण साधं आहे: बहुतेक वसतिगृहांत आणि बाहेरच्या मेसमध्ये रविवारी सकाळी फीस्ट असते आणि रात्री चूल बंद. त्या रात्री पोट्टे मॅगीवर किंवा ठेल्यावर भागवतात. त्या वेळी तुमच्या हॉलमध्ये गरम जेवण असेल तर वेगळं निमंत्रण छापावं लागत नाही. शनिवारी इंजिनिअरिंगवाल्यांचं कॉलेज असतं, नर्सिंगची ड्यूटी असते, आणि गावाकडची मुलं शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी गेलेली असतात.

येण्याजाण्याचं आधीच ठरवून द्या. वानाडोंगरी-हिंगण्याकडचे लोकमान्य नगरला मेट्रो धरतात, सीताबर्डीला गाडी बदलायची, कस्तुरचंद पार्कला उतरायचं. खोलीपासून हॉलपर्यंत तासभर धरा. मिहानकडच्या एम्सवाल्यांना खापरीहून थेट गाडी आहे. पहिल्या दोन रविवारी स्टेशनच्या जिन्याखाली एक ओळखीचा चेहरा उभा ठेवा. नवीन मुलगा चर्चचं फाटक एकट्यानं ओलांडायला किती कचरतो, याचा अंदाज जन्मापासून त्याच फाटकातून येणाऱ्यांना येत नाही. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात झिरो माइल आणि सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात, मोर्चे असतात. त्या पंधरवड्यात काहीच ठेवू नका.

आणि पहिल्या भेटीनंतरचे दोन दिवस. रविवारी नाव घेतलं आणि बुधवारी मेसेज गेला तर उशीर झाला. सोमवारी रात्रीपर्यंत एका माणसाचा, ग्रुपचा नव्हे, मेसेज जायला हवा. पंधरा दिवसांच्या आत एका घरी जेवण. दोन मुलं एका घराला जोडा, एकटं कधी नाही. एकटा पोरगा सोफ्याच्या कडेवर अवघडून बसतो. दोघं असले की स्वयंपाकघरात शिरतात. घरानं वचन फक्त एवढंच द्यायचं: महिन्यातून एक जेवण, परीक्षेच्या आदल्या दिवशी एक फोन, आजारपणात डबा. यापेक्षा जास्त कबूल करणारं घर तिसऱ्या महिन्यात दमतं.

निरीक्षण_आधी

वरच्याशी सहमत. फक्त जेवणावर थांबू नका, नाहीतर दोन वर्षांत ती खानावळ होते. बायबल अभ्यासाबद्दल लिहितो, कारण बहुतेक मंडळ्यांत अभ्यास म्हणजे छोटं प्रवचन असतं आणि मुलं मान खाली घालून मोबाइल चाळतात.

एका गटात ६ ते ८ जण. नववा-दहावा आला तोवर ठीक, अकरावा आला की दोन गट करा, कारण त्यापुढं तिघंच बोलतात. तासाभरात पाच मिनिटं एक गीत, चाळीस मिनिटं उतारा, दहा मिनिटं प्रार्थना, पाच मिनिटं सूचना. उतारा ए-फोर कागदावर छापून द्या, अक्षर १४ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे मोठा समास. वचनांचे क्रमांक आणि वर दिलेली मथळ्याची ओळ काढून टाका. मथळा आधीच उत्तर सांगून मोकळा होतो. एका बाजूला मराठी, मागे हिंदी. नागपुरात वसतिगृहाची भाषा हिंदीच आहे, आणि बालाघाट-छिंदवाड्याकडच्या किंवा ईशान्येकडच्या मुलाला पवित्र शास्त्राची जुनी मराठी झेपत नाही. प्रत्येकाला एक पेन्सिल. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त खुणा करायच्या: कोण कोण आहे, कुठं आहे, कोणता शब्द दोनदा आला, कोणी काय केलं.

मग प्रश्न, तीन टप्प्यांत. काय दिसतं, त्याचा अर्थ काय, आता आपलं काय. पहिल्या टप्प्याला निम्मा वेळ द्या. हाच टप्पा सगळे उरकतात आणि त्यामुळेच शेवटी प्रत्येक उताऱ्यातून "आपण प्रार्थना केली पाहिजे" एवढंच निघतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला २:१-१२ हा उतारा घ्या. चौघांनी पक्षाघाती माणसाला आणलं, दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडली. पहिला प्रश्न विचारा, "हे छप्पर कोणाचं होतं?" पोरं हसतात, मग कागदात डोकावतात. दुसरा, "येशूनं कोणाचा विश्वास पाहिला?" सगळे म्हणतात आजाऱ्याचा. कागदावर "त्यांचा" असं आहे. तिथं गट थबकतो. तिसरा, "माणूस चालायला यावं म्हणून आणला होता, मग आधी पापांची क्षमा का?" आता गप्प बसा आणि मनात दहापर्यंत मोजा. चालवणारा तिसऱ्याच सेकंदाला स्वतः उत्तर देऊन टाकतो आणि अभ्यास तिथंच मरतो. दुसऱ्या पुस्तकातली वचनं काढायला बंदी ठेवा. एकदा रविवार-शाळेत वाढलेल्या पोरानं सहा संदर्भ फेकले की शेजारी बसलेला नवखा तोंड मिटतो.

आठ आठवड्यांसाठी मार्कातलेच उतारे पुरतात: १:१४-२०, २:१-१२, ४:३५-४१, ५:२१-४३, ८:२७-३८, १०:४६-५२, १५:२१-३९, १६:१-८. पाचव्या अध्यायातला लांब आहे, त्या दिवशी गीत गाळा. दुसऱ्या तुकडीला फिलिप्पैकरांस पत्र. चार अध्याय, प्रत्येकी दोन बैठका.

गट पाळकसाहेबांनी चालवू नये. ते खोलीत असले की मुलं त्यांच्याकडे बघून उत्तर देतात. दर गुरुवारी त्यांनी चालवणाऱ्या तिघा-चौघांना घेऊन तोच उतारा आधी करून घ्यावा, पाऊण तास. त्यांचा वेळ तिथं सगळ्यात जास्त कामी येतो. चालवणारे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. शेवटच्या वर्षाच्याला देऊ नका, तो मे महिन्यात गायब होतो आणि ग्रुपची ॲडमिनगिरीसुद्धा सोबत घेऊन जातो.

कारभार सोपवायचा तो फेब्रुवारीत. तिसऱ्या रविवारी विद्यार्थ्यांसाठी जागतिक प्रार्थनेचा दिवस असतोच. त्याच उपासनेत नव्या चमूला पुढं बोलवा आणि मंडळीसमोर प्रार्थना करा. मग मार्चपर्यंतचे आठवडे जुने बसतील, नवे चालवतील.

सदर_सचिव

सोळा रविवारांचं गणित कमिटीसमोर ठेवतो, हे डोक्यात आलंच नव्हतं. दोन अडचणी. हॉल लग्नांना भाड्यानं जातो, ते मंडळीचं उत्पन्न आहे. त्यामुळे "दर रविवारी हॉल अडवू नका" असा सूर आहे. आणि २५ जणांचं जेवण दर आठवड्याला कोण करणार? महिला मंडळानं आत्ताच कानावर हात ठेवलेत.

मोठा_गंज

महिला मंडळाला बोलवूच नका. मुलांकडूनच रांधून घ्या. तीन मुलं, दोन मुली, एक मोठं माणूस, पाळी बदलती. इंजिनिअरिंगच्या पोराला कांदा चिरता येत नाही, हे त्याला कळणं चांगलंच.

खिचडी-कढी ठरवून टाका, विचार संपला. २५ जणांना तांदूळ २ किलो, मूगडाळ १ किलो, बटाटे १ किलो, कांदे १ किलो, टोमॅटो अर्धा किलो, तेल पाव लिटर. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. पाणी १० ते ११ लिटर, आणि ते शेजारच्या शेगडीवर गरम करून घाला. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि डाळ दडस राहते. मीठ सुरुवातीला ८० ग्रॅम, पुढं चव बघून. गंज (मोठं पातेलं) २० लिटरचा आणि जाड बुडाचा. पातळ ॲल्युमिनियमचा असेल तर उकळी आली की खाली लोखंडी तवा सरकवा, नाहीतर बूड लागतं आणि सगळ्या गंजाला करपट वास येतो. खिचडी अर्ध्या तासात घट्ट होते, म्हणून दोन लिटर उकळतं पाणी राखून ठेवा. कढीला दही दीड किलो, बेसन १५० ग्रॅम, पाणी तीन लिटर, उकळी येईपर्यंत ढवळणं सोडायचं नाही. साडेपाचला फोडणी, साडेसहाला झाकण, सातला पंगत. पापड-लोणच्यासकट हजाराच्या आत बसतं.

सावजी चिकनचा मोह होईल. आवरा. खर्च तिप्पट, आणि रूममेट म्हणून आलेला शाकाहारी मुलगा नुसत्या पोळीवर बसतो. ईशान्येकडच्या मुलांना आपली मुगाची खिचडी पथ्याची वाटते. त्यांच्यासाठी हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेवला की तक्रार मिटते.

हॉलचं असं करा. लग्नाच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला माहीत नसतात, पण सोळा रविवार माहीत आहेत. ते सोळा आधीच बुकिंगच्या वहीत शाईनं लिहून टाका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लग्नं तशीही तुरळक असतात. अडचण येईल ती जानेवारी-फेब्रुवारीत. त्या वेळी रविवार-शाळेच्या दोन खोल्या ठरवून ठेवा, चूल मागच्या अंगणात. "ऐनवेळी बघू" म्हटलं की ऐनवेळी मांडववाला जिंकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हॉल आठवड्याचे पाच दिवस कुलपात असतो. त्याची अभ्यासिका करा. नागपुरात मुलं महिन्याला पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत खुर्ची धरतात, कारण खोलीत चौघं असतात आणि एकाचं गाणं चालू असतं. वीस खुर्च्यांनी सुरुवात करा. टेबल ४ फूट बाय २ फूट, एका टेबलावर दोघं नको, एकच. प्रत्येक दोन टेबलांमागे एक प्लग-बोर्ड, आणि त्याची वायर इलेक्ट्रिशियनकडून भिंतीनं न्या, एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावू नका. ट्यूबलाइट टेबलाच्या मागून नको, डाव्या बाजूनं किंवा डोक्यावर, नाहीतर स्वतःचीच सावली वहीवर पडते. पिण्याचं पाणी, मुलामुलींना वेगळी शौचालयं, आणि मार्चपासून कूलर. कूलरच्या टाकीत पाणी कोण भरणार हे नावानिशी ठरवा. वेळ सकाळी ७ ते रात्री ८. नोंदवही दारात: नाव, कॉलेज, आलो-गेलो. धर्माचा रकाना ठेवू नका. सगळ्यांना खुली, नियम सगळ्यांना सारखे, भिंतीवर प्रवचन नाही, दारात पत्रकं नाहीत. ज्याला रविवारी यायचंय तो फलकावरची वेळ वाचून येईल.

कमिटी कुरकुरली तर त्यांना हिस्लॉपची आठवण द्या. तो स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि दुसऱ्याच वर्षी शाळा काढून बसला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. वर दगडं-जीवाश्म गोळा करायचा नाद, तो वेगळाच. बाक आणि दिवा देणं ही या शहरातल्या ख्रिस्ती कामाची जुनीच रीत आहे, असं म्हटलं की ज्येष्ठ मंडळींना एकदम पटतं.

पैशाचं थोडं. खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपया घेऊ नका. चर्चच्या खात्यातच "विद्यार्थी सेवा" असं वेगळं शीर्ष उघडा आणि पावती फाडा. परदेशात गेलेल्या जुन्या नर्स पैसे पाठवू म्हणतील, तिथं जपा. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग ओसीआय कार्ड असलं तरी. ते एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. सीएला विचारल्याशिवाय खाते क्रमांक कोणाला धाडू नका.

पांढरा_एप्रन

वरचं सगळं मुलांच्या अंगानं लिहिलंय. तुमच्याकडे नर्सिंगच्या मुली जास्त असतील तर निम्मं बदलावं लागेल.

त्यांचा रविवार रविवार नसतो. सकाळची पाळी दुपारी दोनच्या सुमारास सुटते, संध्याकाळची आठपर्यंत, रात्रपाळी रात्रभर. म्हणून एकच मुलगी सलग आठ आठवडे येऊ शकत नाही. तिला "अनियमित" म्हणू नका. उताऱ्याचा छापील कागद आणि दोन प्रश्न मैत्रिणीच्या हाती पाठवा, आणि रात्रपाळीवाल्यांसाठी वसतिगृहाजवळच्या एखाद्या घरी बुधवारी दुपारी साडेतीनला तोच उतारा पुन्हा घ्या. चार जणी आल्या तरी पुरे. हे घर बाईच्या हातात असावं.

वसतिगृहात आत जायचा हट्ट सोडा. पाळकसाहेबांची भेट ही तिसरी सूचना म्हणूनच अर्धी बाद होते. मुलींच्या वसतिगृहात पुरुषाला प्रवेश नसतो, आणि फाटकावर उभं राहून नाव पुकारलं की वॉर्डनच्या डोळ्यांत तीच मुलगी खुपते. मंडळीच्या लेटरहेडवर एक पत्र वॉर्डनला द्या: कुठं, कधी, किती वाजता परत, जबाबदार दोन महिलांची नावं आणि मोबाइल. एवढं असलं की बाहेर जायची परवानगी सहसा अडत नाही. वेळ मात्र घड्याळावर पाळायची. पावणेआठ म्हणजे पावणेआठ, शेवटची प्रार्थना लांबली तरी मुली उठतील हे आधीच सांगून ठेवा. एकदा फाटक चुकलं की पुढचे दोन महिने कोणालाच सोडत नाहीत.

परत सोडायला एकटा पुरुष आणि एकटी मुलगी असं कधीही नाही, पाळक असले तरी नाही. पहिल्या वर्षाची मुलगी १७ वर्षांचीही असू शकते, म्हणजे कायद्यानं बालक, पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागू. सहलीला किंवा मुक्कामी शिबिराला १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, मुलींमागे मुक्कामी महिला. एकांतात समुपदेशन करायचं तर दार उघडं, दुसरं माणूस नजरेच्या टप्प्यात. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन नावांचा कागद हॉलमध्ये लावा, आणि त्यातलं एक नाव कमिटीबाहेरचं असू द्या.

प्रार्थना-विनंत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नका. "अमुकसाठी प्रार्थना करा, तिचं जुळलेलं मोडलं" याचा स्क्रीनशॉट रात्रीत तिच्या वॉर्डात फिरतो. ग्रुप फक्त वेळ आणि जागा सांगायला.

मुलगी जेवत नाही, झोपत नाही, "जगून काय" असं बोलते, तेव्हा प्रार्थना कराच, पण तिथं थांबू नका. टेली-मानस १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर लावून फोन तिच्या हातात द्या, शेजारी बसा. त्या रात्री तिला एकटीला खोलीत सोडू नका. मेडिकल चौकात किंवा मेयोत मानसोपचार ओपीडी आहे, सकाळी सोबत जा. "विश्वास कमी पडला" हे वाक्य उच्चारणाऱ्याला या कामातून लगेच बाजूला करा.

अमरावती_रोड

एकाच गोष्टीवर वेगळं मत आहे. सगळं चर्चच्या हॉलमध्ये ओढू नका. कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांचे स्वतःचे गट असू शकतात. यूईएसआय ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची चळवळ १९५४ पासून देशात आहे, तिच्या गटाला ईयू म्हणतात आणि तो मुलंच चालवतात. तुमच्याकडे येणाऱ्या पाचातली दोन कदाचित आधीच तिथं जात असतील. तुम्ही त्याच वेळी दुसरा अभ्यास मांडला तर त्याच पोराला दोन ताटांत वाढल्यासारखं होतं, आणि तो दोन्हीकडून उठतो. आधी विचारा, मग वेळ ठरवा. गट असेल तिथं मंडळीनं जागा, जेवण, घरं आणि एखादा शिकवणारा द्यावा, नाव त्यांचंच राहू द्यावं. गट नसेल तिथं वर लिहिलंय तसं. कॅम्पसच्या आत परवानगीशिवाय काही नको, अगदी फाटकावरची पत्रकंसुद्धा नको. कॅथलिक मुलं असतील तर त्यांच्या मिस्साच्या वेळेवर तुमची बैठक येऊ देऊ नका. त्यांना पळवायचं नाहीये.

सभासदत्वाचंही तसंच. मुलगा त्याच्या गावच्या मंडळीचा सभासद आहे, तिथंच राहू द्या. तिथल्या पाळकांना एक फोन करा, "तुमचा मुलगा आमच्याकडे येतो, बरा आहे." या फोनचं मोल फार. गावी गेल्यावर त्याला तिथं तोंड दाखवायला लाज वाटत नाही.

बाप्तिस्म्याचा प्रश्न पहिल्याच वर्षी येईल, तयार रहा. कोणी म्हणेल, माझा लहानपणी झालाय तो खरा नाही, पुन्हा द्या. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल तर उत्तर तुमच्याच पायाभरणीत आहे. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरातच वेगवेगळ्या चर्चांचं ऐक्य होऊन सीएनआय झालं तेव्हा बाळांना देणारे आणि समज आल्यावर देणारे असे दोन्ही परंपरांचे लोक एकत्र आले. दोन्ही रीती मान्य, पुन्हा बाप्तिस्मा मात्र नाही. हे पाळकसाहेबांनी शांतपणे समजावून सांगावं, गटात वाद घालू नये.

ख्रिस्ती नसलेला मित्र येतो तेव्हा सगळ्यात जास्त चुका होतात. इथल्या कॅम्पसवर बौद्ध मुलंमुली पुष्कळ आहेत, दीक्षाभूमी शहरातच आहे, आणि धर्म बदलणं म्हणजे काय हे त्यांच्या घरात आपल्यापेक्षा खोल कळलेलं असतं. त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या देवाधर्माची टिंगल म्हणजे दार कायमचं बंद. मित्राला बसू द्या, जेवू द्या, प्रश्न विचारू द्या. त्याचा फोटो काढू नका. कोणाचाच काढू नका खरं तर. फी, पुस्तकं, नोकरी, वसतिगृह यांतली कुठलीही मदत उपासनेला येण्याशी जोडू नका, तोंडी सुद्धा नाही. अभ्यासिकेचा नियम सगळ्यांना सारखा, हे वर बरोबर सांगितलंय. कोणी खरोखरच गंभीर असेल तर वर्षभर चालू द्या, घरच्यांशी त्याला स्वतःला बोलू द्या आणि वकिलाचा सल्ला घ्या. कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. सिवनी-छिंदवाड्याकडे शिबिर न्यायची हौस असते, पण ते मध्य प्रदेश. तिथल्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हादंडाधिकाऱ्याला कळवायची तरतूद आहे. शिबिर रामटेकच्या अलीकडेच घ्या, बसभाडंही वाचेल.

सदर_सचिव

कमिटीची बैठक शुक्रवारी आहे. फेस्ट रद्द, सोळा रविवार आणि दहा खुर्च्यांची अभ्यासिका असं मांडतो. वीस जमणार नाहीत, वायरिंगचा खर्च आहे. ईयूच्या मुलांना आधी भेटतो. एक राहिलं: सुरुवातीला मोठं माणूस किती जण लागतील?

मोठा_गंज

दहा खुर्च्या ठीक. रविवारी चार मोठी माणसं, त्यांत दोन बाया. एक चुलीजवळ, एक दारात नावं घ्यायला, दोघं नुसती मुलांत बसायला. त्या दोघांना काम देऊ नका, नाहीतर ते ताटं मांडत राहतात आणि कोणाशी बोलत नाहीत. अभ्यासिकेला सकाळ-संध्याकाळ एकेक, निवृत्त माणूस चालतो. आणि हॉलच्या तीन किल्ल्या करून घ्या. एकच किल्ली असते, आणि जिच्याकडे असते तिच्या घरी नेमकं त्याच रविवारी लग्न असतं.